कधी सुरू होणारा, कधी न होणारा संगणक

जे यंत्र एकदाच आणि कायमचे बंद पडते, त्याची चिकित्सा तुलनेने सोपी असते. ते केव्हाही पाहिले तरी बंदच असते. त्यामुळे तपासणाऱ्यास दोष हुडकण्यासाठी हवा तेवढा अवधी मिळतो. परंतु जे यंत्र सोमवारी चालते, मंगळवारी चालत नाही आणि बुधवारी जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते, ते जाणत्या कारागिरासही चकविते. घरगुती संगणकाच्या बाबतीत हा अनुभव पुष्कळ शिक्षकांना येतो. बटण दाबावे तर पडदा काळाच राहतो. पुन्हा दाबून पाहिले जाते, प्लग हलविला जातो, पेटीवर एक थाप मारली जाते आणि संगणक सुरू होतो. मग त्या वेळी जे शेवटी केले त्यासच गुण आला असे समजून घरची मंडळी निश्चिंत होतात. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडतो आणि या खेपेस थापेचा काही उपयोग होत नाही.

शिक्षकाच्या घरचा संगणक ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. शाळेत वीज नसली किंवा तेथील यंत्र नादुरुस्त असले म्हणजे युडायस प्लसची माहिती, पोषण आहाराचे हिशेब, निकालपत्रके, सरावाच्या प्रश्नपत्रिका ही सर्व कामे रात्री घरीच उरकावी लागतात. माहिती भरण्याची मुदत ज्या दिवशी संपते, नेमक्या त्याच सायंकाळी यंत्राने दगा दिला तर जी तारांबळ उडते ती शिक्षकांस वर्णन करून सांगावयास नको. शिवाय दुरुस्तीचा खर्च पदरचा असतो.

असा संगणक दुचाकीवर बांधून तालुक्याच्या गावी नेला जातो, आणि तेथे तो पहिल्याच बटणास सुरू होतो! यात कोणाची लबाडी नसते. वाटेतील हादऱ्यांनी आतील एखादी सैल पट्टी जागेवर बसलेली असते. दुकानातील विजेचा दाब निराळा असतो. तेथील सॉकेट घट्ट असते. आणि वेळ भर दुपारची असते. ज्या परिस्थितीत दोष प्रकट होतो ती परिस्थितीच मुळी घरी राहिलेली असते. अशा वेळी कारागीर एक तर ‘यास काही झालेले नाही’ म्हणून संगणक परत करतो, किंवा अंदाजाने एखादा भाग बदलतो. दुसरा प्रकार अधिक महाग पडतो. भाग बदलल्यावर संगणक सुरू झाला ही गोष्ट खरी असते. परंतु तो न बदलताही त्या दिवशी सुरू झालाच असता, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

हिवतापाच्या रोग्याची स्थिती बरीचशी अशीच असते. एकाआड एक दिवस येणारा ताप उतरलेला असताना रोगी तपासला तर त्यास काही झाले आहे असे वाटणार नाही. म्हणून जाणता डॉक्टर तेवढ्यावर भिस्त न ठेवता ताप केव्हा चढला, थंडी वाजून आली काय, किती वेळाने घाम सुटला, हे सर्व विचारतो आणि तापाचा तक्ता ठेवावयास सांगतो. लहरी संगणकाच्या बाबतीतही पहिले औषध म्हणजे हा तक्ताच होय.

त्यापूर्वी मात्र एक काम न विसरता करावे. संगणक ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी, दुसरे काहीही करण्याच्या आधी, त्यावरील महत्त्वाची कागदपत्रे पेनड्राइव्हवर किंवा अन्य ठिकाणी उतरवून ठेवावीत. आज सुरू झालेला संगणक उद्या सुरू होईल याची हमी नाही. आणि दोष जर हार्ड डिस्कमध्ये असेल तर प्रत्येक प्रयत्नागणिक कागदपत्रे हाती लागण्याची आशा कमी होत जाते. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, पाच वर्षांचे निकाल मिळत नाहीत.

बटण दाबल्यावर काय घडते

दोष कोठे आहे हे समजण्यासाठी संगणक सुरू होण्याचा क्रम थोडक्यात माहीत असावा. ज्या पेटीला सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात ती वस्तुतः नुसती पेटी होय. सीपीयू हा तिच्यातील एक लहानसा चौकोनी भाग आहे. पेटीत मागच्या बाजूस एसएमपीएस नावाचा पत्र्याचा डबा असतो. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा एकदिश विजेत रूपांतर करणे हे त्याचे काम. दिव्याचे बटण वीज जोडते व तोडते. संगणकाचे बटण तसे नाही. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स ही रचना आणली, तेव्हापासून हे बटण केवळ निरोप देण्याचे काम करते. संगणक बंद दिसत असतानाही भिंतीवरचा स्विच चालू असेल तर एसएमपीएसमधून ५ व्होल्टची थोडी वीज मदरबोर्डला मिळतच असते. बटण दाबले की मदरबोर्ड जागा होऊन एसएमपीएसला ‘आता पूर्ण वीज दे’ असे सांगतो. एसएमपीएस वीज देऊ लागतो आणि तिचा दाब स्थिर झाला की ‘वीज ठीक आहे’ असा उलट निरोप पाठवितो. या सर्व गोष्टीस सहसा एका सेकंदाहून अधिक वेळ लागत नाही. परंतु तो उलट निरोप येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला कामास लागू देत नाही. पुढे मदरबोर्डवरील कायमची आज्ञावली प्रोसेसर, रॅम, पडदा, कळफलक यांची हजेरी घेते, आणि सर्व हजर असतील तर हार्ड डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्स ही प्रणाली वर आणते. वर्गात हजेरी घेताना पहिलाच विद्यार्थी उत्तर देईनासा झाला तर शिक्षक जसे तेथेच थांबतात, तसा संगणकही अडलेल्या जागी थांबतो.

म्हणून ‘संगणक सुरू होत नाही’ ही तक्रार अपुरी आहे. तो कोठपर्यंत येऊन थांबतो हे पाहिले पाहिजे. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, आवाज नाही, असे पूर्ण मौन असेल तर दोष भिंतीपासून एसएमपीएसपर्यंतच्या वाटेत किंवा बटणात असण्याचा संभव अधिक. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा राहतो, अशी अवस्था असेल तर रॅम, अशक्त झालेला एसएमपीएस, मदरबोर्ड किंवा पडद्याची केबल यांच्याकडे पाहावे. पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटते आणि पुढे काही होत नाही, तेव्हा वीज निर्दोष असून डिस्क किंवा प्रणाली यांचा संशय घ्यावा. सुरू होऊन काही मिनिटांनी आपोआप बंद पडणे हा आणखी निराळा प्रकार; तेथे बहुधा उष्णता कारण असते.

एक लहानशी खूण येथे सांगण्याजोगी आहे. पडदा काळा असताना कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ कळ दोन-तीनदा दाबावी. प्रत्येक दाबण्याबरोबर तिचा दिवा लागत व विझत असेल तर संगणक पूर्ण सुरू झालेला असून केवळ पडदा किंवा त्याची केबल रुसलेली आहे असे समजावे. एवढे न पाहिल्याने चांगल्या पेट्या उगाच तालुक्यापर्यंत फिरून आलेल्या आहेत.

नोंदवही

एक जुनी शंभर पानी वही घेऊन ती संगणकाजवळ दोरीने बांधून ठेवावी. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर, मग संगणक सुरू होवो वा न होवो, एक ओळ लिहावी: तारीख, वेळ, थंडी की उकाडा की पाऊस, वीज कशी होती, कितव्या प्रयत्नात सुरू झाला, पंखा व दिवा लागला काय, आवाज कसा आला, आणि त्या दिवशी काय बदल केला. ज्या दिवशी संगणक निमूटपणे सुरू होतो त्या दिवशीची नोंद करण्याचा कंटाळा येतो. पण तीच नोंद महत्त्वाची असते. नुसत्या अपयशांची यादी पाहून ते किती प्रयत्नांमागे एकदा येते हे कळत नाही, आणि ते कळल्याखेरीज दुरुस्ती झाली की नाही हे ठरविता येत नाही.

हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहणे अवश्य आहे. समजा, एक संगणक सरासरी पाच सकाळींपैकी एका सकाळी सुरू होत नाही. शिक्षकांनी त्याची केबल बदलली आणि पुढे तीन दिवस तो बिनतक्रार सुरू झाला. तेव्हा केबलचाच दोष होता असे म्हणता येईल काय? केबल बदलण्याने काहीही फरक पडलेला नाही असे क्षणभर धरू. तरीही कोणत्याही एका सकाळी संगणक सुरू होण्याचा संभव ४/५ आहेच. ओळीने तीन सकाळी सुरू होण्याचा संभव ४/५ × ४/५ × ४/५, म्हणजे ६४/१२५. निम्म्याहून किंचित अधिकच. याचा अर्थ असा की, काहीही दुरुस्त न करता नाणे उडविल्याप्रमाणे निम्म्या वेळा असे तीन चांगले दिवस मिळणारच. सात दिवस चांगले गेले तरी दैवयोगाने तसे घडण्याचा संभव शंभरात सुमारे २१ उरतो. दहा दिवसांनी तो सुमारे ११ होतो. तो पाचाच्या खाली येण्यास चौदा दिवस लागतात. अपूर्णांकांचा गुणाकार येणाऱ्या विद्यार्थ्यासही हे गणित करता येईल, आणि शिक्षकांनी ते वर्गात खुशाल द्यावे. पुस्तकातील पुष्कळ उदाहरणांहून ते जिवंत आहे.

व्यवहारात एवढा आकडेमोडीचा खटाटोप नको असेल तर तिपटीचा आडाखा वापरावा. जितक्या प्रयत्नांमागे एकदा अपयश येत असे, त्याच्या तिप्पट प्रयत्न ओळीने यशस्वी झाले म्हणजे दुरुस्ती लागू पडली असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. पाचांत एक असेल तर पंधरा, दहांत एक असेल तर तीस. मात्र हे प्रयत्न ज्या परिस्थितीत दोष दिसत असे त्याच परिस्थितीतील असावेत. डिसेंबरच्या पहाटे अडणारा संगणक एप्रिलमध्ये तीस दिवस चालला तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

याचबरोबर दुसरा नियम ओघानेच येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅम पुसली, केबल बदलली आणि जागाही बदलली, मग संगणक सुधारला. तर कोणत्या उपायाने सुधारला हे कायमचे अज्ञात राहते आणि पुढील वेळी तिन्ही खर्च पुन्हा करावे लागतात. अर्थात उद्या मुदत संपत असेल तर हा नियम बाजूस ठेवून सर्व उपाय एकदम करण्यात गैर काही नाही. ती दुरुस्ती नव्हे, वेळ मारून नेणे होय, एवढी जाणीव असली म्हणजे पुरे.

भिंतीकडून पेटीकडे

तपासणी नेहमी भिंतीपासून सुरू करावी. तेथे खर्च सर्वांत कमी आणि दोष सापडण्याचा संभव मोठा असतो. सॉकेटमधील पितळी पाकळ्या वर्षानुवर्षांच्या वापराने पसरतात. प्लग आत गेला तरी तो हलतो, आणि जड वायरच्या ओढीने किंचित खाली झुकला की संबंध सुटतो. सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी किंवा काळा डाग असणे, काम चालू असताना प्लग हातास गरम लागणे, जळका वास येणे, ही याची लक्षणे होत. अशा सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. प्लगला हलका धक्का दिल्यावर तो मिचकावत असेल तर वायरमनकडून सॉकेट बदलून घ्यावे. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात हाच दोष अधिक प्रमाणात आढळतो. पेटीच्या मागे जी काळी केबल बसते तीही पूर्ण आत गेलेली आहे ना, हे हाताने दाबून पाहावे. पेटी झाडलोटीच्या वेळी सरकविली जाते आणि ती केबल अर्धवट बाहेर येते. तिच्याजवळच एक लहान काळा स्विच असतो. मुलांच्या हाताने तो बंद झालेला असणे ही नवलाची गोष्ट नाही.

विजेचा दाब हा ग्रामीण भागातील जुना प्रश्न आहे. सायंकाळी घरोघरचे दिवे, पंखे, टीव्ही एकदम चालू झाले म्हणजे दाब उतरतो. घरातील पाण्याची मोटर सुरू होताना तो क्षणभर आणखी खाली जातो. एसएमपीएस किती दाबापर्यंत काम करू शकतो हे त्याच्यावरील चिठ्ठीत छापलेले असते. ते एकदा वाचून वहीत लिहून ठेवावे. नोंदवहीत अपयशाच्या वेळा सायंकाळी सात ते नऊच्या आसपास गोळा झालेल्या दिसल्या, तर संगणक उघडण्याचे कारणच नाही. यूपीएस असेल तर एक आठवडा तो मधून काढून संगणक थेट भिंतीला जोडून पाहावा. यूपीएसमधील १२ व्होल्टची बॅटरी दोन ते चार वर्षांत क्षीण होते, आणि क्षीण बॅटरीचा यूपीएस आधार होण्याऐवजी स्वतःच अडथळा होऊन बसतो.

पेटीच्या उघड्या पत्र्यास बोट लावले असता मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर घरातील अर्थिंग तुटलेले किंवा मुळातच नसते. एसएमपीएसमधील गाळणीमुळे अशा वेळी पेटीवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब उभा राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह अल्प असतो. तथापि संगणक सुरू होवो वा न होवो, लहान मुलांच्या घरात हे काम पुढे ढकलू नये. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकून तो दोन भोकांत बसविण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते ती सर्वथा त्याज्य होय.

भिंतीचा दोष नाही असे ठरल्यावर बटणाकडे वळावे. धूळ आणि चहाचे शिंतोडे यांमुळे बटण आत चिकटते किंवा त्याचा संबंध नीट होत नाही. पेटीवर ‘रीसेट’चे दुसरे बटण असेल तर जाणकाराकडून त्याची तार मुख्य बटणाच्या जागी लावून घ्यावी आणि काही दिवस त्याच बटणाने संगणक सुरू करावा. पैसा खर्च न होता एक शंका फिटते.

थंडीच्या सकाळचा संगणक

नोंदवहीत पुष्कळदा एक ठळक नमुना उमटतो. सकाळचा पहिला प्रयत्न फसतो, दुसरा फसतो, चौथ्या-पाचव्या प्रयत्नास संगणक सुरू होतो आणि मग दिवसभर कितीही वेळा बंद-चालू केला तरी कुरकुर करीत नाही. थंडी वाढली की प्रयत्नांची संख्या वाढते. हा नमुना दिसला म्हणजे संशय एसएमपीएसमधील किंवा मदरबोर्डवरील कपॅसिटरवर जातो. कपॅसिटर म्हणजे वीज क्षणभर साठवून तिचा प्रवाह एकसारखा करणारी लहानशी नळकांडी. त्यांतील द्रव वयोमानाने व उष्णतेने आटत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते असा ठोकताळा आहे. आटलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत विरोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. त्यामुळे विजेचा दाब स्थिर होत नाही, ‘वीज ठीक आहे’ हा निरोप जात नाही, किंवा गेला तरी प्रोसेसर अडखळतो. वारंवारच्या प्रयत्नांनी ती नळकांडी थोडी तापली की काम सुरळीत होते. वारंवार बटण दाबणे म्हणजे थंड पडलेल्या हातांनी काठीवर काठी घासण्यासारखेच आहे. त्याने ऊब येते, रोग जात नाही.

मदरबोर्डवरील असा कपॅसिटर पुष्कळदा डोळ्यांनी ओळखता येतो. त्याचे वरचे टोक सपाट असावयाचे ते फुगलेले दिसते, किंवा त्यातून तपकिरी खळ बाहेर आलेली असते. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष कपॅसिटर बसविले गेले होते आणि जगभर ते फुगले. अलीकडच्या मदरबोर्डांवर घन प्रकारचे कपॅसिटर असतात, ते या रीतीने आटत नाहीत. परंतु एसएमपीएसमध्ये द्रवाचे कपॅसिटर अजूनही सर्रास असतात. म्हणून असा नमुना दिसल्यास कारागिराकडून दुसरा, खात्रीचा एसएमपीएस पंधरवड्यापुरता लावून घ्यावा. ज्यांना मल्टीमीटर वापरण्याचा सराव आहे त्यांनी पिवळी व काळी तार यांमधील दाब ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल व काळी यांमधील ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आहे काय हे पाहावे. दाब याबाहेर असेल तर एसएमपीएस निश्चित सदोष. आत असेल तर मात्र तो निर्दोष ठरत नाही, कारण क्षणाक्षणाला होणारे चढउतार साधा मल्टीमीटर दाखवीत नाही.

एसएमपीएसचा डबा शिक्षकांनी कधीही उघडू नये. त्याच्या आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. अनुभवी कारागीरही तो डबा दुरुस्त करण्याऐवजी बदलणे पसंत करतात, ते याच कारणाने.

रॅम, धूळ आणि पावसाळा

पंखा फिरतो पण पडदा काळा, आणि तक्रार दमट दिवसांत वाढते, असा नमुना असेल तर प्रथम रॅम पाहावी. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबरात हा प्रकार विशेष आढळतो. रॅमची पट्टी खाचेत केवळ दाबाने धरलेली असते. तिच्या सोनेरी कडेवर ओलावा व धूळ यांचा पातळ थर बसला की संबंध कधी होतो, कधी होत नाही. काम अवघड नाही, पण क्रम पाळावा. प्लग भिंतीतून काढावा. मग बटण दहा सेकंद दाबून आत उरलेली वीज घालवावी. पेटीच्या रंग नसलेल्या पत्र्यास हात लावून अंगातील स्थिर वीज उतरू द्यावी. पट्टीच्या टोकांचे चिमटे सोडवून ती सरळ वर काढावी, सोनेरी कडेस बोट न लावता ती मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावी, आणि खोडरबराचा चुरा पेटीपासून दूर झटकावा. तो चुरा खाचेत पडला तर नवा दोष निर्माण होईल. पट्टी पुन्हा बसविताना चिमट्याचा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी. दोन पट्ट्या असतील तर एक आठवडा एकीवर आणि एक आठवडा दुसरीवर संगणक चालवून पाहावा. वही शेजारी आहेच.

सुरू होताना येणाऱ्या शिट्ट्यांनाही अर्थ असतो. पुष्कळ मदरबोर्डांवर एक आखूड शिटी म्हणजे सर्व ठीक. लांब किंवा लागोपाठच्या शिट्ट्या रॅम वा पडद्याच्या जोडणीकडे बोट दाखवितात, परंतु त्यांचा नेमका संकेत बनावटीगणिक बदलतो. म्हणून किती लांब व किती आखूड एवढे वहीत लिहून कारागिरास दाखवावे.

पेटी उघडलीच आहे तर धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावी. हवेचा झोत मारावयाचा असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. आत मुंग्यांचे वारूळ किंवा मेलेली पाल सापडणे ही थट्टेची गोष्ट नाही; उबेसाठी असे जीव आत शिरतात आणि दोन तारांमध्ये सापडून वीज भलत्या वाटेने नेतात. सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडणारा संगणक अनेकदा नुसत्या या झाडणीने बरा होतो, कारण धुळीने बुजलेला प्रोसेसरचा पंखा पुन्हा वारा देऊ लागतो.

मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची एक बॅटरी असते. तिला सीआर २०३२ म्हणतात. घड्याळ दर वेळी कित्येक वर्षे मागे जात असेल तर ती संपली आहे. चुकीच्या तारखेमुळे शासकीय संकेतस्थळेही उघडेनाशी होतात, आणि दोष इंटरनेटला दिला जातो. बॅटरी अल्प किमतीत कोणत्याही घड्याळजीकडे मिळते.

चिन्ह उमटल्यानंतर

कंपनीचे चिन्ह उमटून पुढे संगणक थांबत असेल, आणि हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने ‘टक् टक्’ असा आवाज येत असेल, तर प्रयोग थांबवून प्रथम कागदपत्रे वाचविण्याचीच खटपट करावी. आवाज नसेल तर डिस्कच्या दोन्ही केबली काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. त्यांतील पातळ केबल बदलणे स्वस्तही असते.

विंडोजच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तीमुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणाली पूर्णपणे बंद न होता आपली काही स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तेथूनच उठते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र ती मुळापासून सुरू होते. संगणक रात्री बंद करून सकाळी सुरू करताना अडतो, परंतु ‘रीस्टार्ट’ केल्यावर कधीच अडत नाही, असे नोंदवही सांगत असेल तर कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ही सोय बंद करावी आणि पंधरा दिवस पाहावे. सुरू होण्यास काही सेकंद अधिक लागतील, एवढाच तोटा. थंडीच्या सकाळी अडणाऱ्या संगणकाशी या प्रकाराची गल्लत होण्याचा संभव आहे. फरक एवढाच की, येथे पंखा, दिवा आणि कंपनीचे चिन्ह ही सर्व बिनचूक उमटतात.

लॅपटॉपमध्ये शिक्षकांनी उघडून पाहण्याजोगे फारसे काही नसते. चार्जर काढून, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढून, बटण तीस सेकंद दाबून धरावे आणि मग केवळ चार्जरवर सुरू करून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर संगणक तालुक्यास न्यावाच लागेल. परंतु आता तो मुक्याने जाणार नाही. पेटीबरोबर तिची स्वतःची केबल आणि एक्स्टेंशन बोर्डही न्यावा, म्हणजे दोष घरी राहणार नाही. वहीतील शेवटच्या महिन्याची पाने कारागिरासमोर ठेवावीत. सकाळी अडणारा संगणक असेल तर तो रात्रभर प्लग काढून दुकानातच ठेवावा व दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच, तो तापण्यापूर्वी, पहिले बटण दाबून पाहावे असे आग्रहाने सांगावे. जो भाग बदलला जाईल त्याचे नाव पावतीवर लिहून घ्यावे, काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा, आणि घरी आल्यावर त्याच वहीत नव्या पानावर तारीख घालून पहिली ओळ लिहावी.